चौदावा प्रश्न

प्रिय शंकासुर,

हे पाकीट तुला खाली ग्रंथालयाच्या पिशव्यांच्या काउंटरवर टोकनबरोबर मिळालं असेल. ते घेऊन नेहमीसारखी जिन्यावरून धावत वर येऊ नकोस. खालीच, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांच्या बाकावर बस आणि आधी एक काम कर. तुझ्या प्रबंधाचं पान एकाहत्तर काढ आणि तळटीप वाच. प्रश्नावलीत तेरानंतर थेट पंधरा येतो, ती टंकलेखकाची चूक असल्याचे मूळ संशोधिकेने सांगितले, असं तिथे तू लिहिलं आहेस, काल रात्री मला पाठवलेल्या प्रतीत मी ते वाचलं. मूळ संशोधिका म्हणजे मी. आणि मंगळवारी फोनवर तुला हे सांगताना मी खोटं बोलले. शुक्रवारी सकाळी तुझा प्रबंध बाइंडरकडे जाणार. आज बुधवार आहे, पत्र तुला गुरुवारी मिळेल, म्हणजे तुझ्या हातात एक दिवस आहे. पत्राची सुरुवात ख्यालीखुशालीने करावी असं तुझ्या आईने मला लहानपणी शिकवलं होतं. ताईने मला बरंच काही शिकवलं आणि मी त्यातलं फारसं उचललं नाही, हे तू तिच्याच तोंडून ऐकत मोठी झालीस. तरी सांगते, मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे.

तुला वाटेल, मावशी दोन मजले वर बसते, तिला खाली येऊन तोंडाने सांगता येत नव्हतं का. येत होतं. ते का केलं नाही हेही सांगेन, पण शेवटी. तू प्रबंध मागून पुढे वाचतेस हे मला ठाऊक आहे. पत्र तरी सरळ वाच.

सतरा वर्षं मी या प्रबंध कक्षात बसते. लोक म्हणतात, ग्रंथालयातली ही सगळ्यात शांत जागा. शांत असायला काय झालं? चार हजार विद्वान दाटीवाटीने उभे आहेत, सगळे एकाच खैरी पुठ्ठ्यात, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि एकानेही शेजाऱ्याचं वाचलेलं नाही. दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे मी तासभर बोलते: जुना प्रबंध कसा वाचावा. तू पहिल्या रांगेत बसली होतीस आणि मध्येच हात वर करून माझ्या तोंडाला फेस आणला होतास. सांगाडा बघा, मांस स्वतःचं घाला, असं मी सांगते. प्रकरणं कशी पाडली आहेत ते बघा, आधीच्यांशी वाद कुठे घातला आहे ते बघा, आकडा आला की तो आला कुठून हे सांगितलंय का बघा. मुलं माना डोलावतात आणि उचलायचं तेच उचलतात. एकाने ऋणनिर्देश जसाच्या तसा उतरवला आणि प्रबंध दिवंगत वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला. तोंडी परीक्षेला वडील नवा शर्ट घालून समोर बसले होते. एकीने अभ्यासाच्या मर्यादा उचलल्या, कडाक्याच्या थंडीमुळे दुर्गम भागात पोहोचता आले नाही, असं लिहिलं. तिचा विषय होता याच इमारतीतल्या वाचकांच्या सवयी. हे किस्से सांगून मी दरवर्षी हशा मिळवते आणि सगळ्यांत मोठ्याने मीच हसते. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्याकडे त्या चांदण्यात बसायला सरकारी खुर्ची आहे, एवढाच फरक.

माझा प्रबंध तिसऱ्या रॅकवर, खालून दुसऱ्या फळीत आहे. या कक्षात सगळ्यात जास्त हाताळलेला तोच. दोनदा त्याची पाठ शिवून घ्यावी लागली. त्यात माझं थोरपण काही नाही, तयार प्रश्नावली मिळते म्हणून मुलं येतात. मिटलेला प्रबंध कडेने बघितलास तर मधली सोळा-सतरा पानं मळून काळी झालेली दिसतील, ती अभ्यासपद्धतीची. निष्कर्षाची पानं अजून करकरीत आहेत, हात कापेल. त्या प्रश्नावलीवर माझ्यामागून अकरा प्रबंध झाले. रुग्णालयाच्या धुलाईघरातल्या बायकांसाठी केलेले प्रश्न मुदपाकखान्यातल्या, लिफ्टवरच्या, पहाऱ्यावरच्या माणसांना विचारून झाले. अकराही प्रबंधांत तेरानंतर पंधरा. अकराही प्रबंधांत ठासून लिहिलेलं, बावीस प्रश्नांची प्रश्नावली. मोजले तर एकवीस. अकरा संशोधक, त्यांचे मार्गदर्शक, प्रत्येकाला दोन परीक्षक, एवढ्या डोळ्यांखालून ते भोक गेलं आणि कुणाची पापणी लवली नाही. त्यातला चौथा प्रबंध तुझ्या मार्गदर्शक मॅडमचा आहे. त्यांनी तुला आकडे सरकवून घे, नसता विषय वाढवू नकोस, असं का सांगितलं ते आता तुझ्या लक्षात येईल. बाई वाईट नाहीत. स्वतःच्या पदवीला भोक आहे हे सेवानिवृत्तीच्या आधी कुणाला कळायला हवं असतं? एकोणीस वर्षांत मोजून बघणारी तू पहिली. लहानपणी राजाला सात मुलगे होते म्हटलं की थोरला आणि धाकटा सोडून मधले पाच दिवसभर करतात काय, म्हणून तू जेवायची थांबायचीस. शंकासुर हे नाव ताईने उगाच नाही ठेवलं.

तर चौदावा प्रश्न होता. तो मी केला होता आणि एकशे वीस बायकांना विचारला होता.

आपल्याच संस्थेच्या रुग्णालयाच्या तळघरात ते धुलाईघर आहे. मी तिथे सात महिने जात होते. ओल्या चादरींचे ढीग, वाफेने गळणाऱ्या भिंती, आणि टोकाला खोलीच्या रुंदीचं गरम रोलरचं यंत्र. दोघीजणी ओली चादर ताणून यंत्राच्या तोंडाशी धरतात, रोलर ती आत ओढतात, पलीकडून वाळून इस्त्री होऊन बाहेर येते, तिथे दोघी घडी घालतात. तोंडाशी एक आडवी जाळी असते. तिला हाताचा धक्का लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. सोय चांगली आहे. पण जाळीला हात कळतो तशी चादरीची सुरकुतीही कळते. दर दहा चादरींमागे यंत्र थांबणार, आणि मुकादमाने ठरवून दिलेला दिवसाचा आकडा संध्याकाळपर्यंत भरणार नाही. म्हणून जाळी वर उचलून बांधून ठेवलेली असायची. कशाने, तर जखमेला गुंडाळतात त्या पांढऱ्या पट्टीने. रुग्णालयात तिला काय तोटा? मी शिकलेली, त्यामुळे ते माझ्या ध्यानात यायला तीन आठवडे लागले. आलं तेव्हा मी प्रश्न घातला: यंत्र चालू असताना जाळी काढलेली किंवा बांधलेली असते का, असल्यास कोणाच्या सांगण्यावरून? एकशे बारा जणींनी हो म्हटलं आणि मुकादमाचं नाव घेतलं. आठ जणी गप्प बसल्या. नाही असं एकीनेही म्हटलं नाही.

त्रेसष्टाव्या फॉर्मवरची बाई रोलरच्या तोंडाशी उजव्या बाजूला उभी राहायची. तिला वाचता यायचं, पण हात ओले म्हणून ती सांगत गेली आणि मी लिहून घेतलं. ते उत्तर मला पाठ आहे. जाळी बांधलेलीच असते. खाली सोडली तर आकडा होत नाही. सांगतं कोण ते भिंतींनासुद्धा माहीत आहे. कधीतरी कुणाचा तरी हात जाणार. माझा जाणार नाही, मी सावध असते. एवढं सांगून तिने विचारलं की हे छापणार ना. मी म्हटलं, छापणार म्हणजे काय, त्यासाठीच तर लिहून घेतेय. ती खूश झाली. तिने मला यंत्रापासून दोन हात लांब उभं केलं आणि म्हणाली की ओढणी आवरून घ्या, तुम्हाला सवय नाही.

माझ्या मार्गदर्शक सरांना तू बघितलेलं नाहीस. जिन्याच्या वळणावर त्यांचा फोटो आहे, त्याखाली तू सायकलची किल्ली शोधत उभी राहतेस. माझा प्रबंध त्यांनी ओळन् ओळ वाचला, ही त्यांची चांगली सवय. चौदाव्या प्रश्नाच्या तक्त्यापाशी आले, चष्मा काढला, पुसला, आणि परत घातलाच नाही. धुलाईघरात जायची परवानगी रुग्णालयाच्या अधीक्षकांनी सरांच्या शब्दावर दिली होती. पुढच्या पाच विद्यार्थ्यांनाही त्याच रुग्णालयात जायचं होतं. सर आवाज चढवणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "बाई, तुम्हाला प्रबंध लिहायचा आहे, फिर्याद नाही." मग म्हणाले, प्रश्न वगळा, बाकी काम उत्तम आहे. त्या दिवशी मंगळवार होता. शनिवारी पाच वाजता प्रबंध जमा करायची खिडकी बंद होणार होती आणि मला मिळायच्या त्या सगळ्या मुदतवाढी मिळून झाल्या होत्या. मी वाद घातला असं मी बरीच वर्षं लोकांना सांगत असे. मी घातला नाही. मी विचारलं, तक्ता फक्त काढायचा की मजकुरातला उल्लेखही. काय तत्पर विद्यार्थिनी.

आता त्या टंकलेखकाबद्दल. न्यायालयाच्या मागच्या गल्लीत ते बसायचे. चार महिन्यांत माझी तीनशे चाळीस पानं त्यांनी टंकित केली. त्यांच्या चुका मी शोधून काढल्या त्या दोन, आणि त्यातली एक माझीच निघाली. चौदाव्या प्रश्नाचा कागद मी त्यांच्यासमोर गठ्ठ्यातून ओढून काढला, तेव्हा त्यांनी स्वतः विचारलं की बाई, चौदा गेला, पुढचे सरकवू का. मी विचारलं, किती वेळ लागेल. तक्ते, सूची, मजकुरातले संदर्भ, सगळे आकडे बदलायचे म्हणजे तीन दिवस, ते म्हणाले. मी म्हटलं, राहू दे. हेच ते भोक. पुढे मी स्वतःची समजूत घातली की ती रिकामी जागा मी मुद्दाम ठेवली, मूक निषेध म्हणून, कधीतरी कुणीतरी शहाणं माणूस बघेल म्हणून. छान वाटायचं. पण तू मंगळवारी खरोखर बघितलंस आणि विचारलंस, तेव्हा त्या निषेधाने काय केलं? टंकलेखकाच्या मागे जाऊन लपला. ते गृहस्थ आता हयात नाहीत. आयुष्यभर अक्षर चुकू न देणाऱ्या माणसाच्या नावावर मी माझी चूक लिहिली, आणि तू ती तळटीपेत घातलीस.

मला पदवी मिळाल्यावर आठ महिन्यांनी त्या यंत्रात एका बाईचा उजवा हात मनगटापर्यंत गेला. चौकशी समिती बसली. तीन विद्वान, म्हणजे वाचनाची आवड असणारच. धुलाईघरावर पूर्वी काही अभ्यास झाला आहे का म्हणून त्यांनी शोध घेतला आणि एकच सापडला. त्यांच्या अहवालात ते वाक्य आहे: धुलाईघरावरील एकमेव प्रबंधात संरक्षक जाळी बांधून ठेवली जात असल्याचा कोणताही उल्लेख आढळत नाही, सबब अपघात संबंधित महिलेच्या निष्काळजीपणामुळे घडला. खाली माझं नाव, वर्ष आणि पानं, अगदी काटेकोर. एवढा बिनचूक संदर्भ मला त्यानंतर कुणी दिला नाही. मला हे पदवीनंतर दोन वर्षांनी कळलं, मी इथे नोकरीला लागल्यावर. जुन्या कागदांच्या खोक्यातून तो अहवाल नोंदणीसाठी माझ्याच टेबलावर आला. मी वाचला. मग दाखल क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि फळीवर ठेवला.

तू मला विचारशील, ती बाई कोण. मंगळवारी फोन ठेवता ठेवता तूच मला सांगितलंस, तेही हसत. खाली टोकनबाई तुला म्हणाल्या होत्या की तुझ्या मावशीच्या पुस्तकात मी आहे, शोधून दाखव, शुक्रवारी माझा शेवटचा दिवस, तेव्हा मला ते पान वाचून दाखव. तू शोधलंस, सापडलं नाही, आणि तुला वाटलं की बाईंचा काहीतरी गैरसमज झालाय. त्यांचा गैरसमज झालेला नाही गं. मी करून दिला. भरपाई द्यायची नाही म्हणून संस्थेने त्यांना दयेखातर पिशव्यांच्या काउंटरवर बसवलं. डाव्या हाताने पिशवी घ्यायची, डाव्या हाताने टोकन द्यायचं. तू रोज घेतेस. सतरा वर्षं मी सकाळी त्यांच्यासमोरून वर जाते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ओळखलं आणि विचारलं, "माझं म्हणणं घेतलंत ना त्यात?" मी मान हलवली. मान हलवली म्हणजे खोटं बोललं असं होत नाही, अशी सूट मी स्वतःला दिली. त्यानंतर वर्षाकाठी एकदा तरी त्या विचारायच्या, मी मान हलवायची. नव्या मुलांना त्या सांगतात की वर माझं पुस्तक आहे. मुलं हसतात.

सरांनी फॉर्म नष्ट करा म्हणून सांगितलं होतं. तेवढी एक गोष्ट मी ऐकली नाही. धैर्य बिर्य काही नाही, कागद टाकवत नाही हा आमच्या घराण्याचा रोग, तुझ्या आईच्या माळ्यावर बघ. आज सकाळी मी कपाटातून गठ्ठा काढला. दुपारी काउंटर अर्धा तास बंद असतो, तेव्हा त्रेसष्ट नंबरचा फॉर्म घेऊन खाली गेले. त्या आत स्टुलावर डबा खात होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, वरचं जेवढं तुला सांगितलं तेवढं सगळं, आणि मग फॉर्म वाचून दाखवला. त्या खात राहिल्या. मी सावध असते, या वाक्यापाशी मी आले तेव्हा त्यांचा हात थांबला.

"हे मी म्हणाले होते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो, असंच्या असं.

"मग मला निष्काळजी कसं म्हणाले ते?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मी दिलं. माझ्या पुस्तकात हे नव्हतं म्हणून. त्यांनी उरलेला घास खाल्ला. डबा बंद केला, एका हाताने झाकण कसं दाबायचं याची त्यांची एक रीत आहे, छातीशी धरून. मग उठून त्यांनी टोकनं खिळ्यांना लावायला घेतली, एकापुढे एक, क्रमाने. मला माफ केलं असं काही त्या म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही, एका बाईकडून एका दुपारी किती काढून घ्यायचं. माझ्याकडे पाठ करूनच त्या म्हणाल्या, "तुमची भाची सगळं मोजते. तिला द्या." संमतीच्या कागदावर त्यांनी डाव्या हाताने सही केली. चार मिनिटं लागली. मी घड्याळ बघत होते, त्यांच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा सोपं म्हणून.

तर पाकिटात तो संमतीचा कागद आहे, त्रेसष्टाव्या फॉर्मची छायाप्रत आहे आणि चौदाव्या प्रश्नाचा मूळ तक्ता आहे, टंकलेखकांच्या हातचा, बिनचूक. बाकी एकशे एकोणीस फॉर्म माझ्या टेबलावर आहेत, हवे तेव्हा ये. जमा झालेल्या प्रबंधात पेन्सिलचीसुद्धा खूण करता येत नाही, हा नियम दारावरच्या पाटीवर मीच लिहिला आहे. त्यामुळे माझ्या प्रबंधात आता मलाही हात घालता येत नाही. चौदावा प्रश्न या रॅकवर यायचा असेल तर तो नव्या प्रबंधातूनच येईल. म्हणून तुझ्याकडे आले. याची किंमत मला कळते. मॅडम शुक्रवारी हे बघतील तर सही करताना हात आखडता घेतील. सोमवारी पाचला खिडकी बंद होते, तुझी मुदतवाढ संपली आहे, आणि तिकडे ती अध्यापकाची जागा तुझ्या पोचपावतीची वाट बघते आहे. हा सगळा देखावा मला ओळखीचा आहे, मी त्यातून गेले आणि कशी बाहेर आले ते तू आत्ताच वाचलंस. राहू दे, हे दोन शब्द म्हणायला एक क्षण लागतो. तू काही केलं नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही, आणि गोष्ट दडूनही राहणार नाही. दुपारी तीनला मी कुलसचिवांच्या कार्यालयात माझ्या सहीचं निवेदन दिलं आहे आणि पोच घेतली आहे. धुलाईघरातली जाळी आज कुठे असते ते जाऊन बघा, असंही त्यात लिहिलं आहे. तिथल्या कारकुनाने ते नस्तीत लावलं, आणि नस्ती म्हणजे काय हे मला सांगू नकोस, माझा जन्म त्यात गेला. माझी पदवी काढून घेतील की नोकरी की दोन्ही, हा त्यांचा प्रश्न. तुझी आई आधी रडेल, मग मी सांगितलंच होतं म्हणेल. तिने काही सांगितलं नव्हतं, पण म्हणू दे.

आणि आता ते दोन मजले. मी खाली येऊन तुला हे सगळं तोंडाने सांगितलं असतं तर तू माझ्या गळ्यात पडली असतीस, किंवा माझ्याशी बोलणं टाकलं असतंस, आणि दोन्हींपैकी एकाचाही संदर्भ देता येत नाही. फोनवर मावशी म्हणाली, याने परीक्षकांपुढे काही सिद्ध होत नाही. तळटीपेत तू तेच केलं आहेस आणि तीच माझ्या मते त्या प्रबंधातली एकमेव ढिली जागा आहे. लेखी हवं, सहीनिशी हवं, तारखेसह हवं, असं मी दरवर्षी पहिल्या तासाला घसा कोरडा करून सांगते. म्हणून हे पत्र लिहिलं. प्रत्येक पानाच्या खाली माझी पूर्ण नावाची सही आहे आणि आजची तारीख आहे. संदर्भसूचीत ते वैयक्तिक पत्रव्यवहार म्हणून जाईल, परिशिष्टात छापायचं तर खुशाल छाप. पान एकाहत्तरची तळटीप पुसून तिथे याचा संदर्भ दे, आणि आकडे सरकवू नकोस. चौदा त्याच्या जागेवर राहू दे आणि त्याच्यापुढे प्रश्न लिही. शुक्रवारी पाच वाजता टोकनबाई शेवटची पिशवी परत देतील. त्याआधी तुझ्या मजकुराचं ते पान, बांधलेलं असो की सुटं, त्यांना वाचून दाखव. मी जिन्यावर उभी असेन, खाली येणार नाही. पत्रातले माझे टोमणे परीक्षकांना झेपणार नाहीत असं वाटलं तर वगळ. फक्त जिथे वगळशील, तिथे वगळलं म्हणून लिही.

तुझीच,
सतरा वर्षं नुसती मान हलवणारी
मावशी